आधी स्वयंपाकीण बसते

मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना सत्तरीच्या एका ग्रीक बाईवरून माझं आणि माझ्या आईचं बिनसलं. खरं म्हणजे एकट्या माझंच बिनसलं. आपण कुणाशी स्पर्धेत आहोत याचा आईला पत्ताच नव्हता. ती आपली निवांत जिंकत होती आणि मी जळत होतो. आता माझे केस कानांच्या वर पांढरे झाले आहेत, पोटाने शर्टाशी कायमचं वैर धरलं आहे, आणि चार माणसं जमली की मी हा किस्सा उभा राहून, हातवारे करून, सगळ्यांचे आवाज काढून सांगतो. लोक हसतात. बायको मात्र दर वेळी घरी परतताना गाडीत म्हणते, "हसत सांगतोस, पण तुझे कान लाल होतात." होत असतील. मला आयुष्यात फारसं काही टिकवता आलं नाही, ना व्यायाम, ना गिटार, ना रोजनिशी. हा एक मत्सर तेवढा मी नीट सांभाळून ठेवला आहे.

आम्ही तेव्हा आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला राहायचो. बाबा हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि घरी आल्यावर आमच्याकडेही उजेडासमोर धरल्यासारखं बघायचे. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत आमचं घर होतं, मागे चटईएवढी बाग. पहाटे सीगल छपरावर असे चालायचे की कुणी बूट घालून येरझारा घालतंय असं वाटावं. आईच्या कुकरची शिट्टी झाली की शेजारचा कुत्रा तिला उत्तर द्यायचा. तीन शिट्ट्या, तीन भुंकणं, मग भात झाला. आई सोलापूरची. ज्वारीचं पीठ डब्लिनच्या एका दुकानातून यायचं आणि ते येईल त्या दिवशी घरात सणासारखी गडबड असायची. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात (हा शब्द मी तिथे शिकलो आणि अजून सुटलेला नाही), सगळ्यात वरच्या खणात शेंगाचटणीची बरणी असायची. ताटात चटणीचा डोंगर करायचा, त्याला बोटाने खळगा पाडायचा, त्यात कच्चं तेल ओतायचं आणि गरम भाकरीचा तुकडा त्यात बुडवायचा. तव्यावरून भाकरी थेट बाबांच्या ताटात, मग माझ्या, मग पुन्हा बाबांच्या. आई शेगडीपाशी उभी, पाठ आमच्याकडे, आणि हात पिठात. आमच्या घराचा आवाज कोणता असं विचारलं तर मी भाकरी थापल्याचा आवाज सांगेन, आणि खिडकीवर आडवा येणारा पाऊस.

एलेनी मला भेटली ती शाळेमागच्या उतारावर. हर्लिंग या तिथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, काऊंटीच्या संघाची निळीपांढरी जर्सी घातलेली एक म्हातारी कमरेत वाकून गवतातून काहीतरी उपटत होती. मी थांबलो. तिने मान वर न करता प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे केली.

"धर."

मी धरली. ती डँडेलायनची पानं उपटून पिशवीत टाकत होती. पिवळ्या फुलांचं ते रोप, ज्याच्यावर आमचे शेजारी दर शनिवारी औषध मारायचे.

"तुमच्याकडे ससा आहे का?" मी विचारलं.

"मुलगा आहे," ती म्हणाली. "पण तो चिप्स खातो."

नुसता खात नव्हता, विकतही होता. बंदराच्या रस्त्यावर तिच्या मुलाचं तळलेल्या माशांचं आणि चिप्सचं दुकान होतं. क्रीट बेटावरच्या डोंगरातल्या गावातून ही बाई नातवंडांसाठी आयर्लंडला आली होती, नातवंडं मोठी होऊन तिला इंग्रजीत "लव्ह यू, ग्रॅन" म्हणून बाहेर जेवायला जाऊ लागली होती, आणि या अपमानाचा सूड म्हणून तिने सगळ्या गावालाच जेवायला बसवायचं ठरवलं होतं. दर रविवारी दुपारी, आमच्या वस्तीतल्या कम्युनिटी हॉलमध्ये. मी पिशवी तिथपर्यंत वाहून नेली आणि तिने मला खुर्चीवर दाबून बसवलं. माझं भवितव्य असं ठरलं.

त्या टेबलाचं वर्णन मी कितीही वेळा करू शकतो, मला थांबवावं लागतं. घडीची टेबलं एकाला एक जोडून केलेलं एकच लांबलचक टेबल. त्यावर चार-चार माणसांमध्ये एक मोठी परात म्हणावी अशी थाळी. एकीत उकडलेला पाला, ज्याला ती होर्ता म्हणायची, त्यावर लिंबू आणि हिरवट तेलाची धार. दुसरीत पांढऱ्या घेवड्याचं दाट कालवण, गाजर आणि सेलरी घातलेलं. बाजूला ऑलिव्ह, कांद्याच्या फोडी, एखादा सार्डिन मासा. आणि पाव म्हणून ब्ला. ब्ला हा वॉटरफोर्डचा पिठाळलेला, चौकोनी, मऊ पाव. तिथले लोक त्यात सकाळी सॉसेज घालून खातात. एलेनी पहिली काही वर्षं स्वतःचा पाव भाजायची, मग एके दिवशी तिने ब्ला तेलात बुडवून पाहिला आणि जाहीर केलं की हा पाव इथला आहे, तेल पितो, चालेल. तिचं सगळं असंच होतं. पाला आयर्लंडच्या समुद्रकाठचा, पाव वॉटरफोर्डचा, गाजरं सुपरमार्केटची. क्रीटहून फक्त तेल यायचं. तिचा भाऊ स्वतःच्या झाडांचा एक मोठा डबा दर हिवाळ्यात पाठवायचा. एकदा लायब्ररीतून एक बाई आल्या. भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचा वारसा जपायला हवा, त्याचे फलक करून लावू, तुम्ही पाककृती द्या म्हणाल्या. एलेनीने त्यांच्या हातात ब्ला दिला. "आमच्याकडे भिंतीवर मेलेल्यांचे फोटो लावतात," ती म्हणाली. "आम्ही अजून जेवतोय. बस." त्या बसल्या. नंतर कित्येक रविवार येत होत्या, फलकांचं नाव काढलं नाही.

कारण तिच्या मते पाककृती हे त्यातलं सगळ्यात किरकोळ प्रकरण होतं. खाणं म्हणजे बसणं. चौघांनी एकाच थाळीतून घ्यायचं, प्रत्येकाने आपल्या बाजूने. उठायचं नाही, घाई करायची नाही, शेजाऱ्याला त्याच्या आईबद्दल विचारायचं. आणि एक नियम बाकी सगळ्यांच्या वरचा: जिने रांधलं ती आधी बसणार. ती बसून पहिला घास घेईपर्यंत कुणी काट्याला हात लावायचा नाही. पॅट नावाचा एक निवृत्त बस ड्रायव्हर होता, आडदांड, भुकेला माणूस. त्याने एकदा नियम मोडून ऑलिव्ह उचललं, तर एलेनीने ते त्याच्या ओठांपाशी पोचलेलं परत ठेवायला लावलं.

मी या टेबलाच्या प्रेमात पडलो, आणि प्रेमात पडलेल्या सगळ्यांसारखा मालक व्हायची स्वप्नं बघू लागलो. त्याला कारणही मिळालं. एलेनीचं कमरेचं हाड दुखायचं, ती उभी राहिली की टेबलाची कड धरायची. थंडी सुरू व्हायच्या आत मी गावी बहिणीकडे परत जाणार, असं तिने त्या वसंतात सांगून टाकलं. जाण्याआधी टेबल कुणाच्या तरी हाती देणार होती. एकाच्याच, कारण पाच जणांच्या हाती दिलं की समिती होते आणि समिती चहा पिते, जेवत नाही. ज्याला निवडेन त्याने एक रविवार एकट्याने रांधायचं. तो पार पडला की टेबल त्याचं. मला शंकाच नव्हती. मी तिची पिशवी धरणारा, घेवडा भिजवणारा, पाल्यातली माती सात पाण्यांनी काढणारा. मी बाथरूमच्या आरशासमोर स्वीकाराचं भाषण बसवलं होतं. त्यात एका ठिकाणी माझा आवाज भरून यायचा, ती जागासुद्धा ठरलेली होती.

आणि मग, निव्वळ मिरवायला, मी आईला तिथे घेऊन गेलो.

आईला यायचं नव्हतं. ऑलिव्हचं तेल तिला ठाऊक होतं ते लहानशा डबीतलं, औषधाच्या दुकानातलं, तान्ह्या बाळाच्या मालिशीचं. "ते जेवणावर ओततात?" तिने विचारलं. "आणि तू खाल्लंस?" बाबा म्हणाले, "म्हणून रविवारी त्याची कातडी तुकतुकीत दिसते." तरी ती आली, चांगली साडी नेसून, वर जाड कोट घालून, आणि हॉलच्या स्वयंपाकघरात दाराशी अवघडून उभी राहिली. समोर ओट्यावर डँडेलायनचा ढीग होता. आईने एक पान उचललं. मोडलं. देठातून पांढरा चीक आला तो बोटावर घेऊन हुंगला.

"ही आपल्या पाथरीची बहीण दिसते," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही, आणि पान तोंडात टाकलं. "कडू आहे. पण आहे तीच जात. आमच्याकडे रानातनं आणायचे. कच्चीच खायची, भाकरीबरोबर."

एलेनी चाकू हातात धरून बघत राहिली. मला म्हणाली, "काय म्हणते?"

मी सांगितलं. एलेनीने चाकू खाली ठेवला, आईजवळ गेली आणि तिचा गाल दोन बोटांत धरला. मी महिनोन् महिने पिशव्या वाहिल्या होत्या. माझा गाल जागच्या जागी होता, कुणीही धरू शकलं असतं.

तिथून पुढचा उन्हाळा मी दुभाषी म्हणून काढला. आईचं नाव आशा. एलेनीच्या तोंडात ते 'आसा' व्हायचं. "आसाला विचार, हे पान तुमच्याकडे शिजवतात का." "तिला सांग, आम्ही यात डाळ घालतो." "आसाला सांग, आम्ही यात तांदूळ घालतो." दोघी एकमेकींकडे बघून बोलायच्या, मी मध्ये टेलिफोनच्या खांबासारखा. ट्रमोरच्या किनाऱ्यावर खडकांपाशी रानबीटाची जाड, चकचकीत पानं मिळतात, ती आणायला आम्ही तिघं बसने जायचो. येताना एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ काहीच बोललेलो नाही आणि त्यांचं मात्र चाललं आहे. आई मराठीत सांगत होती की आपल्या आईला दमा होता. एलेनी ग्रीकमध्ये काहीतरी सांगत होती आणि छातीवर हात ठेवत होती. मी खिडकीतून गाई मोजायला घेतल्या.

खरा घाव पुढेच होता. हिवाळ्यातल्या डब्यातलं तेल एलेनी कुणाला देत नसे. तिने आईला बाटलीभर दिलं. आईने ते घरी आणून शेंगाचटणीच्या खळग्यात ओतलं, बाबांनी भाकरी बुडवली, जरा विचार केला आणि तिथल्या लोकांसारखं म्हणाले, "ग्रँड." पुढच्या रविवारी आई ती चटणी घेऊन हॉलमध्ये गेली. मला वाटलं, आता. आता हिची गाडी घसरणार. मी एकदा होर्तामध्ये लसूण घालू का असं विचारलं होतं तर मला आठवडाभर कांदे चिरायची शिक्षा झाली होती. एलेनीने चटणी चाखली. डोळे बारीक केले. आणि बरणी उचलून टेबलाच्या बरोब्बर मध्यावर ठेवली, जिथे फक्त तेलाचं भांडं असायचं. पॅटने ती ब्लावर लोण्यासारखी थापली, खोकला, पाणी प्यायला, पुन्हा थापली. "तुझी आई," तो मला म्हणाला, "भारी बाई आहे." मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. मला हे कुणी सांगूच नये असं वाटत होतं.

ऑगस्ट संपता संपता एलेनीने निवड जाहीर केली, आणि तीही माझ्याच तोंडून.

"आसाला सांग, पुढचा रविवार तिचा."

मी सांगितलं, शब्दाला शब्द.

"माझा?" आई म्हणाली. "वेडी आहे का ही? इतक्या माणसांचं? मला यांची भाषा येत नाही, काही नाही. तिला नाही म्हणून सांग." मग ती दोन पावलं चालली, थांबली, ओट्याकडे बघितलं. "घेवडा शनिवारीच भिजवावा लागेल. त्या मोठ्या पातेल्याला झाकण आहे का बघ रे."

बाथरूमच्या आरशातलं माझं भाषण तिथेच संपलं. रात्री मी बाबांना म्हटलं की आईला हे झेपायचं नाही. बाबा पेपर खाली न करता म्हणाले, "तुझ्या आईला काय झेपत नाही ते अजून एक्स-रेत आलेलं नाही."

मी तो रविवार ज्या आशेने उजाडलेला पाहिला तिचं वर्णन करायला मला रंगमंच हवा. माझ्या मनात यादी तयार होती. आई हिंग घालेल. आई मोहरी तडतडवेल आणि ते मौल्यवान तेल धूर निघेपर्यंत तापवेल. मीठ जास्त होईल. पाल्यात वाळू राहील. मी ओट्यापाशी मदतीला उभा होतो आणि एकेक शक्यता माझ्या डोळ्यांदेखत मावळत होती. वाळू राहिली नाही. तेल तापलं नाही, वरून कच्चंच पडलं, जसं सोलापुरात चटणीवर पडतं. घेवडा असा शिजला की चमचा टेकवताच मोडायचा. हॉलमध्ये तो वास पसरला आणि ओल्या जाकिटांतली माणसं शांत झाली. बाबाही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. एलेनी टेबलाच्या टोकाला नाही, बाजूच्या खुर्चीत बसली. टोकाची खुर्ची आईसाठी रिकामी होती, आणि मोठ्या थाळ्या मी नेहमीसारख्या भरून मध्ये मांडल्या होत्या.

आणि आईने पळी उचलली.

तिने येताना घरून प्रेसमधल्या सगळ्या ताटल्या आणल्या होत्या, हॉलमधल्याही काढल्या होत्या. एकेकापुढे ताटली ठेवत, एकेकाला वाढत ती टेबलाभोवती फिरू लागली. चौघांनी एका थाळीतून खायचं हे ती इतके महिने बघत आली होती, आणि इतके महिने तिने स्वतःसाठी बाजूला काढून, मागे स्वयंपाकघरात, आवरता आवरता खाल्लं होतं. एकाने बुडवलेल्या कालवणात दुसऱ्याने पाव घालायचा, हे उष्टं तिच्या घशाखाली उतरलं नसतं. पाहुणी होती तोवर कुणी लक्ष दिलं नाही. आता ती यजमान होती.

"आसा," एलेनी म्हणाली. "बस."

मी भाषांतर केलं, खरं तर त्याची गरज नव्हती.

"हो, हो. तुम्ही सुरू करा. मी वाढते."

"आधी तू बस."

"गार होईल. घ्या ना, घ्या." आईने पॅटच्या ताटलीत आणखी एक पळी घातली. पॅटने काट्याकडे पाहिलं, एलेनीकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आसाला सांग," एलेनी आता माझ्याकडे वळली, "उभं राहून वाढतात ती खानावळ. माझा भाऊ खानावळीला तेल पाठवत नाही."

मी हे आईला सांगितलं. थोडंही मऊ न करता सांगितलं, आणि सांगताना मला जी गंमत वाटली ती मी अजून विसरलेलो नाही. आईचा चेहरा पडला. तिने पळी पातेल्याच्या काठावर ठेवली, पुन्हा उचलली.

"तिला सांग, आमच्यात रांधणारी आधी जेवत नाही. सगळे उपाशी माझ्या तोंडाकडे बघणार आणि मी घास घेणार? मला नाही जमायचं. तिला राग आला तर येऊ दे. दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं ते टेबल."

दुसऱ्या कुणाला तरी. मी ताठ उभा राहिलो. भाषणातली आवाज भरून येण्याची जागा मला आठवली. मी एलेनीला सगळं अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत, स्पष्ट उच्चारांत सांगितलं, आणि माझा चेहरा तिला नीट दिसेल असा उजेडात धरला.

एलेनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती टेबलाची कड धरून उठली. उठायला तिला वेळ लागला, खुर्ची मागे सरकताना फरशीवर कर्कश आवाज झाला. "मग कुणीच बसायचं नाही," ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली. पॅट उठला. लायब्ररीतल्या बाई उठल्या. मग एकामागून एक सगळ्या खुर्च्या तोच आवाज करत मागे गेल्या, आणि हॉलभर माणसं जेवणासमोर राष्ट्रगीताला उभी राहावीत तशी उभी. बाबांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण तेही उठले आणि शर्टाचं बटण लावलं. कालवणातून वाफा निघतच होत्या.

आई एलेनीच्या हाताकडे बघत होती. टेबलाची कड धरलेल्या त्या हातावर आता तिचा सगळा भार आला होता.

"अहो, बसा," आई म्हणाली. मराठीत, सरळ तिलाच. मला सांगायला सांगितलं नाही. "तुमची कंबर दुखतेय. बसा हो."

"तू," एलेनी म्हणाली.

"मावशी, ऐका की माझं."

एलेनीने मान हलवली. आणि आई गेली. टोकाच्या खुर्चीपर्यंत चालत गेली आणि दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकली, पळी अजून हातात. एलेनीने बसता बसता ती पळी तिच्या हातातून काढून घेतली आणि पॅटकडे दिली, पॅटने पुढे, पुढच्याने पुढे, मी तोवर पार दुसऱ्या टोकाला बाबांशेजारी गेलो होतो, ती तिथे माझ्यापाशी आली. खुर्च्या पुढे सरकल्या. सगळे बसले आणि सगळे आईकडे बघू लागले.

आईने ब्लाचा तुकडा तोडला. समोरच्या मोठ्या थाळीकडे पाहिलं, मग एलेनीकडे. तुकडा आपल्या बाजूच्या तेलात बुडवला आणि डोळे मिटून, औषध घेतात तसा तोंडात घातला. लगेच पॅटने समोरून आपला पाव बुडवला, एलेनीने बाजूने. आईने डोळे उघडले. थाळीत आता सगळ्यांचे हात होते. ती क्षणभर थांबली, आणि मग तिने दुसरा तुकडा तोडला, घेवडा त्यावर घेतला, खाल्ला.

"मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली.

तिच्या आवाजात आश्चर्य होतं. आयुष्यभर तिला हे सगळे जेवून उठल्यावर कळत आलं होतं, जेव्हा काही करता येत नाही.

ती जेवत होती. घाम येईल इतकं गरम जेवत होती, कुणाच्या ताटात काय संपलं ते न बघता. बाबा माझ्या शेजारी होते. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुझ्या आईला इतकं गरम चालतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी हातात पळी धरून बसलो होतो आणि माझा मत्सर, जो इतके महिने आईकडे तोंड करून उभा होता, जागेवरच वळला. आम्ही तिला बस म्हणत नव्हतो असं नाही. म्हणायचो. तोंडात घास असताना म्हणायचो. या परक्या म्हातारीने एकदा उठून उभं राहून ते करून दाखवलं होतं, आणि आई तिच्यासाठी बसली होती, आमच्यासाठी नाही. एलेनीने आईच्या पाठीवर हात ठेवला. इतका वेळ त्या हाताखालच्या जागेसाठी मी झुरलो होतो. आता मला तो हात तिथून उचलून फेकून द्यावासा वाटला.

टेबल आईला मिळालं. एलेनीने भावाला कळवलं की पुढचा डबा आसाच्या पत्त्यावर पाठव, आणि थंडी सुरू व्हायच्या आत ती गेली. त्या रविवारनंतरच्या सोमवारी रात्री मी घरी प्रयोग करून पाहिला. भाकरी ताटात पडली तसा मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो आणि म्हणालो, आई, तू आधी बस, नाहीतर आम्ही पण उभे. बाबांनी घास तोंडात अर्धा ठेवून माझ्याकडे पाहिलं. आईने वळूनही पाहिलं नाही. "नाटकं करू नकोस," ती म्हणाली. "खा, गार होतेय." भाकरी फुगलेली होती, तिच्यातून वाफ येत होती. मी बसलो.

आई आता सत्तरीच्या पुढे आहे. टेबल चालू आहे. क्रीटहून आता एलेनीचा भाचा तेल पाठवतो, पाला अजून ट्रमोरचाच, आणि हॉलमध्ये लहान मुलं चटणीला 'आसा' म्हणतात. आई डब्लिनला माझ्याकडे येते तेव्हा माझ्या बायकोला बाजूला सारून शेगडीपाशी उभी राहते. माझी मुलं त्यांच्या आयरिश इंग्रजीत तिला बस म्हणतात, ती हो हो म्हणते आणि पोळी वाढते, आणि आम्ही जेवून उठल्यावर, टीव्ही बघत, गार झालेलं जेवते. घरात आईबरोबर जेवायला मला आजवर मिळालेलं नाही. म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी मी सकाळी गाडी काढतो, वॉटरफोर्ड गाठतो, आणि इतर सगळ्यांसारखा हॉलच्या दारात ओलं जाकीट काढून खुंटीला लावतो. तिथे ती बसते, पहिली, खुर्चीत पूर्ण मागे टेकून. पण तिच्या शेजारची खुर्ची मला मिळत नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाला स्वयंपाकिणीजवळ बसवायचं, हा नियम तिने स्वतः केला आहे. गेल्या वेळी एक उंच, गोरटेला, लाजरा पोरगा आला होता, हॉस्पिटलात नवीन लागलेला, घरापासून लांब. मी टेबलाच्या पार खालच्या टोकाला होतो. तिथून मी पाहिलं, आईने आपला ब्ला मोडला, अर्धा त्याच्या हातात ठेवला आणि त्याला विचारलं की तुझी आई कशी आहे.